कोशाचा धागा आणि गुडघ्याची कूर्चा : शरीरातल्या परांचीचा इतिहास



फलकावरचा विषय वाचून काहींनी दारातच विचारलं, की तत्त्वज्ञानाच्या माणसाचा हाडा-कूर्चेशी काय संबंध? शंका रास्त आहे. आमच्या नावामागचं 'डॉक्टर' पदवीचं आहे, दवाखान्याचं नाही. तेव्हा व्याख्यान संपल्यावर कुणी एक्स-रे दाखवायला आणू नये, ही विनंती. पण 'दुरुस्ती म्हणजे काय?' हा प्रश्न आमच्या विषयात फार जुना आहे. एखादी वस्तू दुरुस्त करताना आपण तिचा भाग बदलतो, की तिला पुन्हा तीच होण्यासाठी मदत करतो? गेल्या सव्वाशे वर्षांत माणसाच्या सांध्याबाबत वैद्यकाने या प्रश्नाची तीन वेगवेगळी उत्तरं दिली. तिसऱ्या उत्तराचा एक धागा, आणि इथे धागा हा शब्द आम्ही अगदी शब्दशः वापरतो आहोत, आपल्या पूर्व विदर्भाच्या जंगलातून जातो. आज तो इतिहास पाहू.

आधी दुखणं काय आहे ते समजून घेऊ. आपला जिल्हा धानाचा. आषाढ-श्रावणात बांधीच्या चिखलात कमरेत वाकून पऱ्हे लावणाऱ्या बाया आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. चिखलातून पाय उपसायचा, पुन्हा रोवायचा, असं दिवसभर. पन्नाशी उलटली की यातल्या कितीतरी जणी उठताना जमिनीला हात टेकतात. 'वात आहे' म्हणतात आणि तेल चोळतात. चरकाने या दुखण्याला संधिगत वात म्हटलं आणि सुजलेला सांधा वाऱ्याने फुगवलेल्या पखालीसारखा हाताला लागतो, असं वर्णन केलं. आजचा शब्द ऑस्टिओआर्थ्रायटिस, म्हणजे झिजेचा संधिवात. हे फक्त शहरातल्या सुखवस्तू म्हाताऱ्यांचं दुखणं आहे, हा समज महाराष्ट्रातल्याच एका पाहणीने मोडला. १९९६ साली पुणे जिल्ह्यातल्या भिगवण गावात डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन चार हजारांहून अधिक प्रौढांची तपासणी केली. त्यात जवळजवळ ५.८ टक्के लोकांना ऑस्टिओआर्थ्रायटिस आढळला. शंभरात सहा म्हणजे वरवर कमी वाटतात. पण ते शंभरही कष्टावर जगणारे आहेत. गुडघा बसला की मजुरी बसते.

आता सांध्याच्या आत डोकावू. हाडाच्या टोकावर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. गुडघ्यात तो बहुतेक ठिकाणी दोन ते चार मिलिमीटर जाड असतो. त्याचा मोठा भाग पाणी. ते पाणी धरून ठेवणारी जाळी कोलॅजनच्या तंतूंची आणि प्रोटिओग्लायकन नावाच्या रेणूंची. पेशी अगदी थोड्या, विरळ वस्तीसारख्या. आणि मुख्य गोष्ट ही, की प्रौढ कूर्चेत रक्तवाहिनी नाही आणि मज्जातंतूही नाही. रक्त नाही म्हणून दुरुस्तीचं सामान पोचत नाही. मज्जातंतू नाही म्हणून झीज सुरू झाल्याची वर्दीही मिळत नाही. दुखू लागतं तेव्हा खालचं हाड आणि सांध्याचं अस्तर कुरकुरत असतं. हाडाचं मात्र उलट. ते जिवंत आहे, रोज थोडं मोडतं आणि रोज थोडं बांधलं जातं. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा दरवर्षी नवा होतो. भार पडेल तसं हाड आपली रचना बदलतं, हे जर्मन शल्यविशारद युलियुस वोल्फ याने १८९२ साली मांडलं.

म्हणजे एकाच सांध्यात दोन शेजारी राहतात. एक स्वतःला सतत बांधणारा, दुसरा जवळजवळ न बांधणारा. विल्यम हंटर या स्कॉटिश वैद्याने १७४३ सालीच लिहून ठेवलं होतं, की कूर्चा एकदा नष्ट झाली की परत येत नाही. पुढची अडीचशे वर्षं म्हणजे या एका वाक्याशी चाललेला वाद आहे, असं म्हटलं तरी चालेल.

पहिलं उत्तर : बसवणे

पहिलं उत्तर सरळ होतं. येत नाही ना परत? मग दुसरं काहीतरी बसवू. बर्लिनमध्ये थेमिस्टोक्लेस ग्लुक याने १८९० साली क्षयाने खाल्लेल्या गुडघ्यात हस्तिदंताची बिजागरी बसवली. कल्पना धाडसी होती, पण सांध्यात जंतुसंसर्ग होता आणि बिजागऱ्या टिकल्या नाहीत. त्याच सुमारास, १८९२ साली, बॉनच्या ड्रेसमन याने हाडातली पोकळी प्लास्टर ऑफ पॅरिसने भरल्याची नोंद केली. हे प्लास्टर हळूहळू विरघळतं. पोकळी भरणारा पदार्थ निघून जातो आणि तिथे हाड येऊ शकतं, ही आपल्या आजच्या विषयाची पहिली चाहूल. तेव्हा मात्र तिच्याकडे कुणी त्या नजरेने पाहिलं नाही.

तिसरं नाव आम्हांला या इतिहासात सगळ्यात मनोरंजक वाटतं. बॉस्टनचे स्मिथ-पीटरसन. एका रुग्णाच्या पाठीत साधारण वर्षभर राहिलेला काचेचा तुकडा त्यांनी काढला, तर त्याच्याभोवती शरीराने चकचकीत, गुळगुळीत पापुद्रा तयार केलेला. त्यांच्या डोक्यात आलं, की खुब्याच्या गोळ्यावर काचेची टोपी घातली तर तिच्या आधाराने शरीर स्वतःच गुळगुळीत पृष्ठभाग बनवील आणि मग टोपी काढून घेता येईल. १९२३ साली त्यांनी तसं करून पाहिलं. काच फुटली, हे सांगायला नको. पुढे १९३८ मध्ये त्यांनी धातूची टोपी वापरली. पण त्या काचेच्या टोपीमागचा विचार पाहा. ती कायमची राहायला घातलेली नव्हती, काम झाल्यावर निघून जायला घातलेली होती.

इतिहासाने तेव्हा तो रस्ता सोडला आणि कायमचं बसवण्याचा धरला. इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी आधी टेफ्लॉनची वाटी वापरली. ती काही वर्षांतच झिजली आणि झिजेच्या भुकटीने आसपासच्या ऊतींत दाह निर्माण केला. शरीर या भुकटीला काय उत्तर देतं हे पाहायला चार्नली यांनी ती स्वतःच्या मांडीत टोचून घेतली. १९६२ मध्ये ते पॉलिएथिलीनकडे वळले आणि आधुनिक सांधेरोपण उभं राहिलं. आपल्याकडे हे ऑपरेशन घराघरात पोचलं ते २००० आणि २००१ साली, पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयींचे दोन्ही गुडघे मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी बदलले तेव्हा. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्याला ५४,७२० रुपये ठरले. कमरेपासून वाकून चालणारी माणसं ताठ चालू लागली, हे या उत्तराचं मोठं यश आहे. कुणी त्याला नाव ठेवू नये. पण धातूला जिवंत हाडासारखं स्वतःला दुरुस्त करता येत नाही. साठीपलीकडच्या माणसाला तो आयुष्यभर पुरेल; चाळिशीतल्या माणसाचं काय?

दुसरं उत्तर : जुळवून घेणे

दुसरं उत्तर एका बसमध्ये सुरू झालं. १९६७ साली अमेरिकेत लॅरी हेंच नावाचा काचशास्त्रज्ञ एका परिषदेला चालला होता. शेजारी व्हिएतनामहून परतलेला सैन्यातला कर्नल. कर्नल म्हणाला, आम्ही माणसं वाचवतो, पण त्यांचे हातपाय वाचत नाहीत, कारण शरीर धातू आणि प्लॅस्टिक परकं मानतं. शरीर परकं मानणार नाही असं काही बनवता येईल का? हेंचने सोडियम, कॅल्शियम आणि फॉस्फरस घातलेली काच १९६९ मध्ये बनवली. ती हाडाला इतकी घट्ट चिकटली, की ओढून निघेना. तोवर 'चांगला' पदार्थ म्हणजे शरीराने ज्याची दखल घेऊ नये असा पदार्थ, ही समजूत होती. हेंचच्या काचेने दाखवलं, की शरीराने दखल घेणं चांगलंही असू शकतं.

त्याच काळात, १९६५ साली, मार्शल यूरिस्ट यांनी खनिज काढून टाकलेलं हाड प्राण्यांच्या स्नायूत ठेवलं आणि स्नायूत नवं हाड उगवलं! स्नायूत, बरं का, हाडाच्या शेजारी नव्हे. म्हणजे हाडाच्या उरलेल्या प्रथिनांत काहीतरी निरोप लिहिलेला होता आणि आसपासच्या पेशींनी तो वाचला.

तिसरं उत्तर : बोलावणे

हे दोन शोध एकत्र आले की तिसरं उत्तर आपोआप समोर येतं. पेशींना राहायला तात्पुरती जागा द्या, त्यांना निरोप द्या, बांधकाम त्यांनाच करू द्या, आणि जागा विरघळून जाऊ द्या. १९९३ साली रॉबर्ट लँगर आणि जोसेफ व्हॅकांटी यांनी 'सायन्स' नियतकालिकातल्या लेखात याला टिश्यू इंजिनिअरिंग या नावाने मांडलं. त्या तात्पुरत्या जागेला म्हणतात स्कॅफोल्ड. मराठीत आपल्याकडे नेमका शब्द आहे : परांची. घर बांधताना गवंडी बांबूची परांची उभी करतो, तिच्यावर उभा राहून भिंत चढवतो, आणि भिंत झाली की बांबू सोडून नेतो. ज्यांना शेतीची उपमा बरी वाटेल त्यांनी कारल्याचा मांडव आठवावा. फरक एवढाच, की शरीरातली परांची सोडायला गवंडी येत नाही. तिने आपली आपणच विरघळायचं, आणि भिंत स्वतःच्या पायावर उभी राहिली त्याच वेळी. आधी विरघळली तर भिंत कोसळते. नंतर विरघळली तर नवं हाड आयतं आधार घेऊन आळशी होतं, कारण वोल्फ यांनी सांगितल्याप्रमाणे हाडाला भार लागतो.

तिच्यात आणखी गुण हवेत. भोकं हवीत, आणि ती एकमेकांना जोडलेली हवीत, नाहीतर पेशी आत शिरणार कुठून आणि रक्तवाहिन्या वाढणार कशा? हाडासाठी ही भोकं साधारण तीनशे मायक्रॉनची असावीत, असं संशोधक मानतात. कूर्चेखाली हाड असल्यामुळे परांचीही दुमजली करावी लागते : खाली खनिजयुक्त आणि टणक, वर मऊ आणि पाणी धरणारी. विरघळताना तिने विषारी काही मागे सोडू नये. पॉलिलॅक्टिक आम्लासारखे कृत्रिम पदार्थ विरघळताना आम्ल सोडतात आणि आसपास थोडा दाह होऊ शकतो. म्हणून संशोधकांची नजर वळली ती एका जुन्या, ओळखीच्या धाग्याकडे.

कोसा

रेशीम शल्यविशारदांना नवं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्वित्झर्लंडच्या थिओडोर कोखर यांनी टाके घालायला रेशमाचा जोरदार पुरस्कार केला होता. रेशमाचा धागा दोन प्रथिनांचा. आत फायब्रोइन, बाहेर त्याला चिकटवणारं सेरिसिन. कोष सोड्याच्या पाण्यात उकळला की सेरिसिन सुटतं, फायब्रोइन उरतं. आपल्याकडच्या कोसा काढणाऱ्या बाया चुलीवर हेच करत आल्या आहेत. प्रयोगशाळेत पुढे ते फायब्रोइन लिथियम ब्रोमाइडच्या द्रावणात विरघळवतात, क्षार काढून टाकतात आणि त्याचा भोकाभोकांचा स्पंज करतात. मजबूत, आणि किती दिवसांत विरघळावं हे बऱ्याच अंशी ठरवता येणारं. अमेरिकेत टफ्ट्स विद्यापीठाच्या डेव्हिड कॅपलान यांनी यावर मोठं काम उभं केलं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. अनुया निसळ यांनी रेशमाच्या फायब्रोइनवर काम केलं आणि त्यातून हाडातल्या पोकळ्या भरण्याच्या साहित्यासाठी सेरिजेन ही कंपनी निघाली.

हे सगळं मुख्यतः तुतीच्या रेशमाबद्दल. आता जंगलाकडे वळू. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर जो किडा पाखरं-मुंग्यांपासून राखून वाढवतात, तो टसरचा किडा, अँथेरिया मायलिटा. त्याच्या धाग्याला आपण कोसा म्हणतो. विदर्भातल्या करवतकाठी साड्यांना त्याने नाव मिळवून दिलं. या कोशाच्या फायब्रोइनमध्ये अशी एक गोष्ट आहे, जी तुतीच्या रेशमाच्या फायब्रोइनमध्ये नाही. तीन अमिनो आम्लांची एक छोटी अक्षरमाला : आर्जिनीन, ग्लायसीन, अ‍ॅस्पार्टिक आम्ल. १९८४ साली पिअर्शबाखर आणि रुओसलाहटी यांनी दाखवलं, की शरीरातल्या फायब्रोनेक्टिन या प्रथिनात नेमकी हीच तीन अक्षरं पेशीला 'इथे धर' असं सांगतात. म्हणजे आपल्या ऐनावरच्या किड्याच्या धाग्यात माणसाच्या पेशीला वाचता येणारा शब्द आधीच विणलेला आहे. किड्याने तो आपल्यासाठी विणला नव्हता, हे वेगळं सांगायला नको.

आयआयटी खरगपूरमध्ये सुभाष कुंडू आणि बिमन मंडल यांनी टसरच्या फायब्रोइनच्या परांच्या केल्या, आणि उंदरांच्या अस्थिमज्जेतल्या पेशी त्यांवर हाड घडवण्याच्या दिशेने जातात, हे दाखवलं. अडचणही मोठी आहे. टसरचा तयार कोष नेहमीच्या द्रावणात सहज विरघळत नाही. म्हणून त्यांनी किडा कोष विणण्याआधीच त्याच्या रेशीमग्रंथीतून प्रथिन काढलं. प्रयोगशाळेला ते जमतं. कारखान्याला ते महाग पडतं.

तंतू आणि पट

इथे आमचा विषय आडवा येतो. न्याय-वैशेषिकांचं कारणाविषयीचं लाडकं उदाहरण कुठलं? तंतू आणि पट, धागा आणि कापड. धागे हे कापडाचं समवायी कारण : ते काढून घेतले तर कापड उरत नाही. कोष्टी आणि माग हे निमित्त कारण : कापड तयार झाल्यावर माग मोडला तरी कापडाला काही होत नाही. धातूचा गुडघा समवायी कारणाच्या जातीचा आहे. तो काढा, सांधा गेला. परांची निमित्त कारणाच्या जातीची. गंमत अशी, की इथे ती धाग्याचीच बनलेली आहे. शास्त्रांनी ज्याला समवायी कारणाचा आदर्श नमुना म्हणून धरलं, तो धागा इथे मागाचं काम करतो आणि निघून जातो. मग जी कूर्चा उरते ती कुणाची? मिलिंद राजाला नागसेनाने विचारलेला रथाचा प्रश्न हाच होता : चाकात रथ आहे का, आसात आहे का? भागांत नाही, असंच उत्तर आलं. कूर्चेबाबतही आम्हांला वाटतं, की ती पदार्थात नसून पेशींच्या चालू राहिलेल्या कामात आहे. दुरुस्ती म्हणजे ते थांबलेलं काम पुन्हा सुरू होणं. या व्याख्येचा व्यवहारात उपयोग आहे. पेशीचं काम सुरू होणार की नाही, हे परांची एकटी ठरवत नाही.

आज काय होऊ शकतं आणि काय नाही

१९९४ साली स्वीडनमध्ये ब्रिटबर्ग आणि पीटरसन यांनी २३ रुग्णांच्या स्वतःच्या कूर्चापेशी प्रयोगशाळेत वाढवून गुडघ्यातल्या खड्ड्यात सोडल्या. पुढे त्या पेशी कोलॅजनच्या पडद्यावर बसवून देण्याची पद्धत आली. अमेरिकेत तिला डिसेंबर २०१६ मध्ये मान्यता मिळाली. भारतातही २०१७ मध्ये रुग्णाच्या स्वतःच्या कूर्चापेशींच्या एका उपचाराला औषध नियंत्रकांनी मान्यता दिली. पण नीट ऐका : हे उपचार मुख्यतः खेळताना किंवा अपघातात पडलेल्या, काठ शाबूत असलेल्या खड्ड्यांसाठी आहेत. ऑस्टिओआर्थ्रायटिस हा खड्डा नाही. त्यात सगळा सांधा आजारी असतो : खालचं हाड, अस्तर, अस्थिबंध, पायाचा बाक. भिंतीला ओल असेल तर कितीही चांगला गिलावा करा, तो सुटतोच. २०२२ च्या मार्चमध्ये अमेरिकेत प्रवाळाच्या खनिजापासून बनवलेल्या एका परांचीला मान्यता मिळाली. २५१ रुग्णांवरच्या चाचणीनंतर ती सौम्य ते मध्यम ऑस्टिओआर्थ्रायटिस असलेल्या गुडघ्यातल्या खड्ड्यांसाठीही चालते, असं ठरलं. दार किलकिलं झालं आहे. गंभीर झीज मात्र अजून दाराबाहेरच आहे.

म्हणून 'कूर्चा पुन्हा उगवून देतो' असं सांगणाऱ्या जाहिरातीसमोर शांतपणे तीन प्रश्न विचारावेत. हा उपचार मान्यताप्राप्त आहे की चाचणीत आहे? माझ्या गुडघ्याच्या टप्प्यासाठी आहे का? दोन वर्षांनंतरचे निकाल कुठे आहेत? हे विचारणं डॉक्टरांचा अपमान नव्हे. २०११ साली स्टॉकहोममध्ये पाओलो मॅकियारिनी या शल्यविशारदाने रुग्णाच्या पेशी लावलेली प्लॅस्टिकची श्वासनलिका बसवली. ती जगभर चमत्कार म्हणून गाजली. प्राण्यांवरचा पुरेसा पुरावा नव्हता. रुग्ण दगावले, आणि २०२३ मध्ये स्वीडनच्या अपील न्यायालयाने त्याला अडीच वर्षांची शिक्षा दिली. परांची चांगली कल्पना होती. घाई केली ती माणसांनी. परांचीचं आख्खं तत्त्वच वेळेवर उभं आहे, आणि इथे वेळेलाच फाटा दिला गेला.

आपल्यापुढचं काम

शेवटी आपल्या जिल्ह्याबद्दल. दोन गोष्टी इथे एकत्र राहतात आणि एकमेकींना ओळखत नाहीत. एकीकडे बांधीत झिजणारे गुडघे, दुसरीकडे ऐनावरचा कोसा. मधली वाट लांब आहे, खरगपूर-पुण्याहून जाते, आणि ती उद्या संपेल असं सांगणं म्हणजे आपणही जाहिरात करण्यासारखं आहे. तरी दोन कामं आजच करता येतात. पहिलं : वजन आटोक्यात ठेवणं आणि मांडीचे स्नायू बळकट करणारा व्यायाम. झिजेच्या संधिवातावर आज ज्यांचा पुरावा सगळ्यात भक्कम आहे अशा उपायांत हे दोन आहेत, आणि त्यांना प्रयोगशाळा लागत नाही. रोवणीच्या हंगामात बायांना मधेमधे ताठ उभं राहायला वेळ मिळावा, हीसुद्धा वैद्यकीय मागणी आहे. ती मालकाने ऐकायची आहे. दुसरं : गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. भिगवणसारखी गावोगावची पाहणी धानपट्ट्यात झाली, तर रोवणी करणाऱ्या किती गुडघ्यांत कुठल्या टप्प्याची झीज आहे हे कळेल, आणि उद्या कुणी परांची घेऊन आलं तर ती कुणाला लागू पडेल हे आपल्याला माहीत असेल.

आणि कधी काळी या कोशातून औषध निघालंच, तर त्याच्या किमतीत किडे राखणाऱ्या हातांचाही वाटा असावा. धागा त्यांनी राखला आहे. निमित्त कारण काम करून निघून जातं, ते धाग्याच्या बाबतीत ठीक आहे. माणसांच्या बाबतीत ते होऊ देऊ नये, एवढंच सांगून आम्ही थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.